सयाबाईचा नऊ नंबर

आमच्या धंद्यात जमिनीखाली व्हॉल्व्ह आणि जमिनीवर किस्से! व्हॉल्व्ह शोधायला घाम गाळावा लागतो, किस्से न शोधता सापडतात. आमच्या गोंदियाकडच्या गोरेगावच्या बाजाराच्या दिवशी आमच्या दुकानात चहा आला की कुणीतरी म्हणतंच, "वंदनाताई, तो ढिगाचा सांगा ना." ढिगाचा सांगितला की लॉनचा, लॉनचा झाला की डुकराचा. चहा थंड होतो आणि गिऱ्हाईक काय घ्यायला आलं होतं तेच विसरून जातं.

आधी धंदा काय ते सांगते. शेतात, बागेत, लॉनवर पाण्याचे पाईप जमिनीखाली पुरलेले असतात. पाईपवर व्हॉल्व्ह, आणि व्हॉल्व्हपर्यंत गेलेली वायर. मोटारघरातल्या पेटीवर बटन दाबायचं, की लांबच्या शेतातला व्हॉल्व्ह आपोआप उघडतो. एकदम झकास काम! फक्त बसवणारा माती लोटून निघून जातो, आणि दोन-चार हंगाम गेले की व्हॉल्व्ह नेमका कुठे आहे ते देवालाही सांगता येत नाही. मग आमची आठवण होते.

आम्ही तिघं. मी आयटीआयची इलेक्ट्रिशियन, ट्रेसर माझ्या हातात. ट्रेसर म्हणजे दोन डबे. एकाचा चिमटा पेटीपाशी वायरला लावायचा, तो वायरमध्ये टूं-टूं सोडतो. दुसऱ्याला लांब दांडी असते. ती हातात धरायची, हेडफोन कानाला लावायचे आणि चालत सुटायचं. वायरच्या डावीकडे टूं-टूं, उजवीकडे टूं-टूं, आणि बरोबर वायरच्या वर आलं की आवाज मरतो. आवाज मेला तिथे वायर! लोकांना हे उलटं वाटतं, पण मला त्यातच मजा येते.

दुसरे ईश्वरभाऊ. अर्ध्या तालुक्यातले पाईप त्यांनी स्वतः पुरलेत आणि सगळे पत्ते त्यांच्या डोक्यात आहेत. तिसरा धनलाल. कुदळ, सब्बल आणि भूक, तिन्ही त्याच्याकडे कायम तयार असतात. सब्बल म्हणजे लोखंडी पहार.

मशीन घेऊन हिंडताना लोक सोनं शोधता का म्हणून विचारतात. तो किस्सा सगळ्यांकडेच असतो, म्हणून मी सांगत नाही.

मी सांगणार आहे त्या एका हिवाळ्याचं. दवनीवाड्याकडच्या एका गावात शेतकऱ्यांनी मिळून नदीवरून पाईपलाईन आणली होती. नऊ शेतं, नऊ व्हॉल्व्ह. आठ उघडायचे, नववा उघडायचा नाही, आणि तो कुठे पुरलाय हेच कुणाला सापडत नव्हतं. नववं शेत सयाबाईचं, सगळ्यात शेवटचं. सयाबाई एकटीच शेती करते. बाकीचे आठ जण उन्हाळी धान काढायचे आणि हिची बांधी, म्हणजे भाताचं खाचर, उन्हाळाभर भेगा पडून पडलेली असायची. आम्ही पूर्वी दोनदा जाऊन हात हलवत परत आलो होतो.

त्या हिवाळ्यात तिचा फोन आला. "वंदनाबाई, मी यंदा पऱ्हे टाकले जी. हातपंपाचं पाणी घागरी-घागरीनं नेऊन जगवून राहिले. तुमच्या भरवशावर टाकले. माहा नऊ नंबर कधी?"

पऱ्हे म्हणजे धानाची रोपं. ती रोवणीला, म्हणजे बांधीत लावायला, आली की थांबत नाहीत. बांधीत वेळेवर पाणी पोचलं तर धान, नाही पोचलं तर शेळ्यांची चंगळ. आम्ही दुसऱ्याच दिवशी गेलो, शोधलं, आणि तिसऱ्यांदा हात हलवत परत आलो. त्यानंतर सयाबाईचा फोन दर आठवड्याला येऊ लागला, आणि मधल्या कामांमध्ये जिंकत असूनही आम्हाला हरल्यासारखं वाटत होतं.

*

तर तो ढिगाचा.

गोरेगावजवळ रामलालजींचं शेत. भाजीपाल्याला पाणी देणारा व्हॉल्व्ह हरवला होता. तो ईश्वरभाऊंनीच पुरलेला, त्यामुळे ते गाडीवरून उतरतानाच म्हणाले, "वंदना, मशीन गाडीवरच राहू दे. मले पत्ता पाठ हाय."

"सांगा."

"तणसीचा ढीग. ढिगाच्या उगवतीकडे चार पावलं, आन् खण."

रामलालजी ऐकत होते. ते म्हणाले, "कोणता ढीग?"

"तोच जी, तुमच्या गोठ्यामागचा! मोठा!"

"तो तं बैलांनी खाल्ला की!"

तणस, म्हणजे धानाचा पेंढा, दरवर्षी नवा येतो आणि दरवर्षी जिथे जागा सापडेल तिथे रचतात. यंदाचा ढीग थेट विहिरीपलीकडे होता. ईश्वरभाऊंनी तरी हिंमत सोडली नाही. म्हणाले, "बरं, दुसरी खूण हाय. काळी म्हैस बांधत होते त्या खुंट्यापासून..."

"म्हैस इकली."

"खुंटा?"

"म्हशीसंगं गेला. घेणारा म्हणे, तिले ह्याच खुंट्याची सवय हाय!"

मग मशीन गाडीवरून उतरलं. मी हेडफोन लावले, गोठ्यामागून चालत गेले, आवाज मेला, त्याच्या मागे-मागे गेले आणि खुणेला घमेलं ठेवलं त्या जागी धनलालनं दोन हात खणलं. व्हॉल्व्ह हजर! रामलालजींनी टाळी वाजवली.

ईश्वरभाऊ खड्ड्यात डोकावले आणि शांतपणे म्हणाले, "मी सांगितलेली जागा बरोबरच होती. ढीग चुकला!"

*

एक छोटासा सांगून टाकते. त्याच गावात एक म्हातारी बराच वेळ माझ्यामागे चालत होती. मी थांबले की थांबायची. शेवटी मी हेडफोन काढून विचारलं, "काय आजी?"

ती म्हणाली, "हे मशीन आतलं सारं सांगते म्हणते. माह्या गुडघ्याले लाव ना जरा."

समजावून सांगण्यात अर्थ नव्हता. मी दांडी गुडघ्याजवळ धरली. तिनं डोळे मिटले.

"आवाज आला का वो?"

"नाही आजी."

"दुसऱ्याले पाहा."

"त्यातही नाही."

तिनं डोळे उघडले, सून उभी होती तिकडे वळली आणि ठसक्यात म्हणाली, "घे! डाक्टर उगाच घाबरवून राहिला! दोन्ही बरोबर हायेत!" आणि काठी सुनेच्या हातात देऊन तरातरा घराकडे गेली. पुढच्या खेपेला आम्ही त्या गावात उतरलो तर पारावर पाच-सहा जणी लुगडं गुडघ्यापर्यंत वर करून बसलेल्या होत्या.

*

गोंदियाचं लॉन! हा सांगताना मी उभी राहूनच सांगते.

लग्नाचं लॉन, संध्याकाळी वरात. प्रवेशाला मोठं कारंजं होतं. मुलीकडच्यांनी नवरदेव कारंज्यासमोरून येणार असं पत्रिकेतच छापल्यासारखं सगळ्यांना सांगून ठेवलेलं. आणि मांडववाल्यांनी सकाळी लोखंडी खुंटे ठोकले, तेव्हापासून भलतंच सुरू झालं. कारंज्याचं बटन दाबलं की मांडवातल्या गवतातले फवारेपण उडायचे. गादीवर, सोफ्यावर, जिलबीच्या कढईजवळ!

लॉनचा मालक, सगळे त्याला सेठ म्हणतात, रडकुंडीला आलेला. "मैडम, फव्वारा बंद रखूं तो लड़कीवाले नाराज़, चालू करूं तो बारात नहाएगी! कुछ भी करो!"

मला अंदाज आला. एखादा खुंटा दोन वायरी फोडून गेलाय आणि दोन्ही एकमेकींना चिकटल्यात. मी चिमटा लावला, दांडी घेऊन मांडवात शिरले आणि चक्रावले. जिकडे जावं तिकडे टूं-टूं! प्रत्येक खांब, प्रत्येक कमान, झुंबराची साखळीसुद्धा टूं-टूं करत होती. खुंट्यातून आवाज वर चढून अख्ख्या लोखंडी मांडवात पसरलेला!

धनलाल म्हणाला, "मॅडम, पूरा मांडवच उपटाचा का?"

मी एकेक खांब बुडापाशी ऐकत गेले. कुठे कमी, कुठे जास्त. वाढत वाढत आवाज पोचला स्टेजवर, नवरा-नवरीच्या सिंहासनाशेजारच्या खुर्चीखाली. खुर्चीच्या मागच्या पायाला लागूनच खुंटा. आणि खुर्चीत फूफाजी.

फूफाजी म्हणजे मुलीच्या आत्याचे यजमान. ते सकाळपासून रुसले होते. स्टेशनवर त्यांना घ्यायला गाडी उशिरा गेली होती. तेव्हापासून नाश्ता नाही, चहा नाही, बोलणं नाही. त्या खुर्चीत जे बसले ते बसलेच. मुलीच्या बापाचे हात जोडून झाले, सेठचं सरबत पाठवून झालं, कुणाचा काही उपयोग नाही.

मी म्हटलं, "फूफाजी, ज़रा उठेंगे? नीचे काम है."

"हम नहीं उठेंगे."

मग काय करणार! धनलाल त्यांच्या खुर्चीमागे आडवा झाला आणि सब्बल लावून खुंटा हलवू लागला. फूफाजी समोर बघत राहिले. खुंटा सुटला, वायरी मोकळ्या झाल्या, आणि सुटता सुटता एकमेकींना अशा काही घासल्या की खुर्चीशेजारच्या गवतातला फवारा टप्प करून वर आला. थेट फूफाजींच्या कुर्त्यात!

फूफाजी उडी मारून उठले. मग त्यांची बायको, मुलीची आत्या, पदर तोंडात कोंबून हसायला लागली, ती थांबेचना. तिच्याकडे बघता बघता फूफाजींच्या मिशा हलल्या आणि तेही हसले. म्हणाले, "अब तो चाय पिलाओ रे, ठंड लग रही है!"

आम्ही वायरी वेगळ्या जोडल्या, कारंजं लावून पाहिलं. एकटं कारंजं नाचत होतं, गवत कोरडं! सेठनं मला चक्क नमस्कार केला. "मैडम, सुबह से पूरा खानदान इनको मना रहा था. आपने एक फव्वारे में मना लिया! अगली शादी में पहले आप आना, फिर मांडववाला!"

जिलबी खात असताना सयाबाईचा फोन. "पऱ्हे बोटभर झाले जी." जिलबी मला पुढे गोड लागली नाही.

*

आता धनलालची कला सांगायलाच हवी, नाहीतर तो रागावेल.

धनलालच्या सब्बलीचं आणि वायरीचं काय नातं आहे कुणास ठाऊक. "धनलाल, जपून, इथं वायर आहे," म्हटलं की पहिल्याच घावात वायर तुटते. "धनलाल, वायर इकडे नाही, तिकडे आहे," म्हटलं की तो तिकडे जपून खणतो, आणि वायर इकडेच असते, ती पण तुटते. सुरुवातीला मी चिडायचे. जोड मारून मारून माझ्या बोटांना टेप चिकटलेली असायची.

एकदा एका आमराईत मशीननं दोन जागा दाखवल्या. तारेचं कुंपण जवळ होतं, त्यातही आवाज शिरला होता, त्यामुळे खरी कोणती ते कळेना. ऊन चढलेलं. ईश्वरभाऊ म्हणाले, "सोप्पं हाय." आणि त्यांनी धनलालला हाक मारली. "धनलाल, दोन्ही जागी वायर बिलकुल नाही. मॅडमनं पक्कं सांगितलं. झाड लावाचे खड्डे करून ठेव, बिनधास्त!"

धनलालनं पहिल्या खड्ड्यावर सब्बल उचलली. आम्ही बघत राहिलो. काही नाही, नुसती माती. दुसऱ्या खड्ड्यावर उचलली.

खच्च!

"सापडली!" आम्ही दोघं एकदम ओरडलो आणि टाळ्या दिल्या. धनलाल सब्बल टाकून ओशाळून उभा होता, म्हणत होता, "सॉरी मॅडम, सॉरी," आणि आम्ही त्याचे दोन्ही हात धरून हलवत होतो. अजूनही मशीन अडलं की मी म्हणते, वायर नाही असं धनलालला सांगा.

*

डुकराचा किस्सा माझ्या विरोधात जातो, पण तो लोकांना आवडतो, इलाज नाही.

नवेगाव बांधच्या बाजूला, जंगलाला लागून, एका गृहस्थाची रोपवाटिका आहे. तिथल्या टाकीत पाणी टिकेना. कुठलातरी व्हॉल्व्ह जमिनीखाली गळतो हे नक्की, पण वर ओल दिसत नव्हती, पालापाचोळा सगळा. मी सकाळी सुरुवात केली. वायर वळणं घेत गेलेली, सागाच्या मुळ्या, बांबूची बेटं. मी इंच-इंच ऐकत, खुणेच्या काड्या रोवत, दुपारी जाऊन एका जागी पोचले. आवाज मेला आणि मग चहूकडून घुमायला लागला. तो व्हॉल्व्हचा आवाज मी झोपेतसुद्धा ओळखीन!

मी हेडफोन काढले, छाती पुढे काढली आणि सगळ्यांना बोलावलं. "इथे! खणा!"

मालक आले, पायाखाली बघितलं आणि म्हणाले, "मॅडम, इथं तं खणलेलंच हाय."

खरंच की! माझं सगळं लक्ष कानात. मी उभी होते तोच एक ताजा खड्डा. रानडुकरानं पहाटे उकरलेला, चांगला कोपरभर. मुसकटाच्या खुणा तशाच. गळक्या पाण्यानं तिथे गांडुळं झालेली, ती खायला आलं असणार. धनलालनं हातानं थोडी माती बाजूला केली तर व्हॉल्व्हचं झाकण चकाकत होतं. त्याला कुदळसुद्धा लागली नाही.

मग धनलाल झाकण पुसत म्हणाला, "मॅडम, आपन एक डुक्कर ठेवू ना. चार्जिंग बी नाही लागत!"

पण जागा माझी बरोबर होती, हे मी आजही सांगते. डुकराची आणि माझी एकच जागा निघाली म्हणजे मशीन पक्कं, असा त्याचा अर्थ!

परतीच्या वाटेवर फोन. मला वाटलं सयाबाई नेहमीसारखं विचारेल. तिनं विचारलंच नाही. म्हणाली, "पऱ्हे वीतभर झाले वंदनाबाई. चार-पाच दिवसांत रोवले नाही तं गेले. नाही जमत असंल तं तसं सांगा जी, मी शेळ्या सोडते मंग."

मला रडूच आलं. रागही आला, स्वतःचा. आम्ही मांडवातल्या खुर्चीखालचं शोधून काढतो, जंगलातलं काढतो, आणि एका बाईच्या उघड्या बांधीतलं सापडू नये! मी म्हटलं, "शेळ्या सोडू नका. उद्या येते. व्हॉल्व्ह निघेपर्यंत घरी जाणार नाही."

*

तर आता सयाबाईचा नऊ नंबर.

तो व्हॉल्व्ह ईश्वरभाऊंनीच पुरलेला. पत्ता एकदम सोपा होता आणि यात ढीग नव्हता, म्हैस नव्हती. "टेकचंदभाऊची बांधी आन् सयाबाईची बांधी, मधात धुरा. धुऱ्याच्या बरोबर पोटात व्हॉल्व्ह. पुढं पाईपाचं तोंड सयाबाईच्या बांधीत." धुरा म्हणजे दोन बांध्यांमधला मातीचा बांध. धुरा काही बैल खात नाही, की तो कुणी विकत नाही. याहून पक्की खूण कोणती!

टेकचंदभाऊ म्हणजे आठव्या नंबरचे शेतकरी, सयाबाईचे शेजारी. बोलायला गोड, पण पिकाचे फार कडक. आमची वायर त्यांच्या बांधीखालून येते. पूर्वी दोन्ही वेळा गेलो तेव्हा त्यांचं धान उभं होतं. "म्याडम, उभ्या धानात पाय नाही ठेवू देत मी. धुऱ्यावरून जा ना, व्हॉल्व तं धुऱ्यातच हाय." ते बरोबरच होतं. म्हणून आम्ही लांबून वळसा घालून थेट धुऱ्यावर जायचो आणि धुरा या टोकापासून त्या टोकापर्यंत ऐकायचो. कुठेच टूं नाही की टां नाही. म्हटलं, वायरच मध्ये कुठेतरी तुटली. तिसऱ्या खेपेला बांधी कापून मोकळी झालेली होती, तरी आम्ही सवयीनं धुऱ्यावरूनच गेलो. बैलाला पाणवठ्याची वाट लागते, तशी आम्हाला धुऱ्याची लागली होती.

या वेळी मी ठरवलं, पत्ता ऐकायचा नाही, मशीनचं ऐकायचं. चिमटा लावला आणि आठ नंबरच्या व्हॉल्व्हपासून पायी निघाले. समोर टेकचंदभाऊंची मोकळी बांधी, धसकटं उभी. वायर तुटलेली नव्हतीच! टूं-टूं खणखणीत! मी आवाज मरेल तिथे पाय ठेवत सरळ चालत राहिले.

एव्हाना गावातले लोक जमले होते. पाईपलाईनवाले बाकीचे शेतकरी धुऱ्यावर रांगेत उभे. सयाबाई एका टोकाला, कमरेला पदर खोचून. टेकचंदभाऊ माझ्या बाजूनं चालत काहीतरी सांगत होते. हेडफोनमुळे मला शब्द ऐकू येत नव्हते, फक्त हात दिसत होता. हात धुऱ्याकडे दाखवत होता. तिकडे, तिकडे!

मी धुऱ्यापर्यंत पोचलेच नाही. बरंच अलीकडे आवाज मेला, आणि मग चहूकडून घुमला.

मी थांबले. पुढे गेले, आवाज नाही. मागे आले, घुमला. तोच आवाज. मी हेडफोन काढले आणि पायानं खूण केली. "इथे."

जागा टेकचंदभाऊंच्या बांधीत होती. धुरा तिथून पुढे इतका लांब, की मध्ये बैलगाडी आरामात वळवावी.

टेकचंदभाऊ हसले. "म्याडम, तुमचं मशीन आज बिघडलं."

"खणू द्या ना. नाही निघालं तर मी स्वतः माती लोटून देते."

धुऱ्यावरच्या लोकांतून कुणीतरी म्हणालं, "खणू द्या टेकचंदभाऊ, बांधी तं मोकळीच हाय." त्यांना नाही म्हणता येईना.

धनलालनं खणायला घेतलं. मी त्याला वायर आहे की नाही काहीच सांगितलं नाही. गुडघाभर गेला आणि सब्बल ठणकन वाजली. हातानं माती काढली. व्हॉल्व्ह! झाकणावर ईश्वरभाऊंनी रंगानं काढलेला नऊचा आकडा, अजून वाचता येत होता. ईश्वरभाऊ खड्ड्याशी उकिडवे बसले, आकड्यावरून अंगठा फिरवला आणि धुऱ्याकडे बघितलं. मग टेकचंदभाऊंकडे बघितलं.

आमच्याकडे धुरा दर हंगामाला फावड्यानं छिलून नीट करतात. कोण कोणत्या बाजूनं किती छिलतो, ते छिलणाऱ्यालाच माहीत असतं. धुऱ्यावर उभे असलेले लोक आता पायाखाली बघत होते. कुणी खोकलं. एकानं उगीच बिडी पेटवली.

टेकचंदभाऊंनी टोपी काढून डोकं पुसलं. म्हणाले, "पाण्यानं सरकला असंल व्हॉल्व."

कुणी हसलं नाही. सयाबाई खड्ड्यापाशी आली, आत वाकून पाहिलं आणि म्हणाली, "हो जी. असंल." एवढंच.

मी आत उतरले. वायरीचा जोड कुजला होता, तो कापून नवा मारला. वर येऊन मोटारघरातल्या माणसाला फोन लावला. "नऊ नंबर दाब!"

आधी काहीच झालं नाही. मग व्हॉल्व्ह खटकन वाजला. सयाबाईच्या बांधीतलं पाईपाचं तोंड खाकरलं, हवा आली, गाळ आला, एक बेडूक आला, आणि मग पाणी! जाडजूड, पांढरं, धबाधबा पाणी! भेगाळलेली माती ते गटागटा पीत होती. सगळे ओरडले. ईश्वरभाऊंनी धनलालला मिठी मारली. मी चिखलात बूट घालून नाचले, हे मी कबूल करते. सयाबाई पाण्यात जाऊन उभी राहिली, ओंजळीत घेतलं, आणि माझ्याकडे न बघताच पऱ्ह्यांकडे धावली.

एक काम उरलं होतं. व्हॉल्व्ह तसाच ठेवला तर टेकचंदभाऊंच्या चिखलणीत ट्रॅक्टरखाली येणार. म्हणून ठरलं, की पाईप थोडा वळवून व्हॉल्व्ह धुऱ्यावर न्यायचा. टेकचंदभाऊ म्हणाले, "न्या, न्या, माही काही हरकत नाही." आम्ही सामान आणायला परत आलो.

पाईप, बेंड, डबा असं सगळं गाडीला बांधून आम्ही पुन्हा गेलो तेव्हा सयाबाईच्या बांधीत रोवणी चालू होती. चिखलात ओळीनं बायका वाकलेल्या, हिरवे पऱ्हे भराभर लागत होते. धनलाल खांद्यावर पाईप घेऊन पुढे गेला आणि थांबला. ईश्वरभाऊ त्याच्यामागे थांबले. मी त्यांच्यामागे.

व्हॉल्व्ह धुऱ्यावर न्यायची गरजच नव्हती. धुरा व्हॉल्व्हवर आलेला होता! या टोकापासून त्या टोकापर्यंत, ताजी माती, वरून गवताचे गड्डे नीट थापलेले. व्हॉल्व्ह त्याच्या बरोबर पोटात. जुन्या धुऱ्याच्या जागेवर चिखल झालेला आणि तिथेही सयाबाईच्या बायका रोवत होत्या. पलीकडे टेकचंदभाऊ आमच्याकडे पाठ करून बैलांना पाणी पाजत होते. बैलांना फार तहान लागलेली असावी, कारण ते बराच वेळ वळलेच नाहीत.

मी धुऱ्यावर उभी राहिले आणि हाक मारली. "सयाबाई, हे काय? हा धुरा?"

तिनं मान वर केली नाही. हातातली पेंडी सोडवली, चार पऱ्हे चिखलात खोचले आणि म्हणाली,

"पाण्यानं सरकला असंल जी!"